पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही

गिटारच्या पेडलचा अडॅप्टर गेला की पहिला हात जातो तो घरातल्या जुन्या वायरींच्या पिशवीत. तिथे वायफाय राउटरचा एखादा जुना अडॅप्टर हमखास सापडतो. त्यावर ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर असं छापलेलं असतं. पेडलवरही ९ व्होल्टच लिहिलेलं असतं. पिन घालून पाहिली तर अगदी घट्ट बसते. तरीही हा अडॅप्टर पेडलला लावायचा नाही. राउटरच्या पिनेत आतली बाजू पॉझिटिव्ह असते आणि बाहेरची नळी निगेटिव्ह. गिटारच्या पेडलला बहुतेक वेळा याच्या बरोबर उलट लागतं.

नवा अडॅप्टर घेताना घरात काय आहे, दुकानदाराकडे काय शिल्लक आहे, जुना कसा दिसत होता, यापैकी कशावरूनही ठरवू नका. पेडल हातात घ्या आणि जॅकच्या शेजारी किंवा तळाशी काय छापलंय ते वाचा. तिथे तीन-चार बारीक खुणा असतात. डोळ्यांना दिसत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठ्या करून बघा. उत्तर तिथेच असतं.

पहिली खूण ध्रुवांची. तीन गोल एका रेषेत असतात, मधल्या गोलात एक ठिपका असतो आणि दोन टोकांना अधिक-उणे लिहिलेलं असतं. ठिपक्याकडून येणारी रेघ उणे चिन्हाला मिळत असेल तर ते सेंटर निगेटिव्ह. बॉसने १९७७ साली आपली पहिली छोटी पेडलं बाजारात आणली. पुढे ९ व्होल्ट डीसी, सेंटर निगेटिव्ह आणि ५.५ बाय २.१ मिलिमीटरची पिन हीच पेडलांच्या जगातली सर्वसाधारण रीत झाली. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरपासून आजच्या जोयो, मूअर, एनयूएक्सच्या पेडलांपर्यंत बहुतेक ठिकाणी हेच चालतं. आपल्याकडे शिकणाऱ्या पोरांच्या हाती बरेचदा दिसणाऱ्या झूमच्या जी१ फोरलाही ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, सेंटर निगेटिव्हच लागतं. त्यांचा स्वतःचा एडी-१६ हा अडॅप्टर तसाच आहे.

बाकीची उपकरणं आतली बाजू पॉझिटिव्ह ठेवतात, मग पेडलवाल्यांनीच उलटं का धरलं, याचं कारण बॅटरीत आहे. अडॅप्टर लावल्यावर पेडलमधली बॅटरी आपोआप तुटायला हवी. हे काम जॅकमधली एक छोटी पत्ती करते, आणि ती पत्ती पिनेच्या बाहेरच्या नळीला टेकणाऱ्या संपर्कावर असते. बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधीच गिटारच्या इनपुट जॅकमधून नेलेली असते. त्यामुळेच गिटारची केबल काढली की बॅटरी बंद होते. उरली पॉझिटिव्ह बाजू. ती त्या पत्तीतून न्यायची तर पिनेची बाहेरची नळी पॉझिटिव्ह ठेवणं सोपं पडतं. अशी सोय एकदा रुळली आणि ज्या पेडलांत आता बॅटरी बसतही नाही त्यांनीही ती उचलली.

उलटा अडॅप्टर लागला तर पुढे काय होईल ते पेडलच्या आत संरक्षणाचा डायोड आहे का आणि तो कसा जोडलाय यावर अवलंबून असतं. काही पेडलं नुसती गप्प बसतात आणि सरळ अडॅप्टर लावला की पुन्हा चालू होतात. काहींत तो डायोड स्वतः जळतो, पण बाकी सर्किट वाचतं. काहींत डायोडच नसतो, मग आयसी जाते. बाहेरून हे कळायला मार्ग नाही. म्हणून ‘लावून तर बघू’ हा प्रयोग इथे करू नका.

दुसरी खूण डीसी की एसी याची. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी रेघ असेल तर एसी. पेडलांत एसी अडॅप्टर कमी दिसतात, पण जिथे आहेत तिथे चूक महागात पडते. लाइन ६ चं हिरवं डीएल४ डिले कित्येकांनी सेकंडहँड घेतलेलं असतं. त्याला ९ व्होल्ट एसी लागतं, आणि तेही २ अँपिअर. २०२२ साली त्याच नावाची दुसरी आवृत्ती आली, तिला मात्र ९ व्होल्ट डीसी, सेंटर निगेटिव्ह. डिजिटेकच्या व्हॅमीचंही तसंच: चौथ्या पिढीला ९ व्होल्ट एसी, पाचवीला डीसी. दुकानात जाऊन ‘व्हॅमीचा अडॅप्टर द्या’ एवढंच म्हणालात तर चुकीची वस्तू हातात पडण्याची पुरेपूर शक्यता आहे. मॉडेलच्या नावाबरोबर त्याची पिढी सांगा, त्याहून बरं म्हणजे पेडलवर छापलेल्या खुणांचा फोटोच दाखवा.

व्होल्टच्या बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. ९ म्हणजे ९. ‘१२ चा लावला तर आवाज जास्त भरदार होतो’ असं सांगणारे भेटतात. काही पेडलं खरोखर जास्त व्होल्टसाठी बनवलेली आहेत. फुलटोनचं ओसीडी ९ ते १८ व्होल्टवर चालतं आणि १८ ला त्याचा आवाज अधिक मोकळा होतो. पण हे बनवणाऱ्याने लिहून दिलंय म्हणून. क्लॉन सेंटॉर आणि त्याच्या असंख्य नकलांत व्होल्टेज वाढवणारी एक चार्ज पंप आयसी असते. मॅक्स१०४४ हे तिचं नेहमीचं नाव. तिची सहनशक्ती साडेदहा व्होल्टपर्यंतच आहे. १२ व्होल्ट लावले की ती क्षणात जाते. उलट बाजूने, एमएक्सआरच्या दहा बँडच्या इक्वलायझरला १८ व्होल्ट लागतात. त्याला ९ देऊन काम भागत नाही. म्हणजे एकाच कंपनीची, एकाच आकाराची, तीच पिन घेणारी दोन पेडलं शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि त्यांचे अडॅप्टर अदलाबदल करता येत नाहीत. रिहर्सल संपल्यावर घाईत सामान भरताना ते बदलतात. पिनेजवळ रंगीत टेप लावून ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

व्होल्टचा आणखी एक छुपा घोटाळा आहे, रेग्युलेटेड आणि अनरेग्युलेटेडचा. जुन्या पद्धतीचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला स्वस्त अडॅप्टर ९ व्होल्ट म्हणून विकला जातो, पण तो ९ व्होल्ट पूर्ण लोडवर देतो. डिस्टॉर्शनचं साधं पेडल जेमतेम चार-पाच मिलिअँपिअर घेतं, तेवढ्या किरकोळ लोडवर त्याच अडॅप्टरमधून १२, कधी १४ व्होल्टही निघतात. वीज दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे, बटण सरकवून ३, ४.५, ६, ९, १२ व्होल्ट निवडायचे आणि टोक उलटसुलट फिरवून ध्रुव बदलायचे ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर बहुधा याच जातीचे असतात. त्यांना माझा सरळ विरोध आहे. बॅगेत बटण सरकतं, टोक उलटं लागतं, आणि सोबत घूंऽऽ असा गुरगुराट फुकट मिळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती अर्धवट गाळली की १०० हर्ट्झचा आवाज उरतो आणि तो थेट गिटारच्या खालच्या सुरांत मिसळतो.

बॉसची जुनी पेडलं वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आज बॉसच्या पेडलांवर ‘पीएसए’ लिहिलेलं असतं, म्हणजे रेग्युलेटेड ९ व्होल्ट. फार जुन्या काहींवर ‘एसीए’ लिहिलेलं असतं. तो अडॅप्टर अनरेग्युलेटेड होता, जास्त व्होल्ट द्यायचा, आणि ते व्होल्ट खाली आणण्याची सोय पेडलच्या आतच केलेली होती. अशा पेडलला आजचा पीएसए एकट्याने लावला की दिवा मंद पेटतो आणि आवाज मरगळतो. लोकांना वाटतं पेडल बिघडलं, आणि ते कवडीमोलाने विकून टाकतात. पेडल ठणठणीत असतं. गंमत अशी की त्याच अडॅप्टरवर साखळी वायरने (एकाच अडॅप्टरमधून अनेक पेडलांना वीज देणारी वायर) दुसरं नवं पेडल जोडून दोघांमध्ये पॅच केबल घातली की जुनं पेडलही नीट चालू लागतं, कारण केबलच्या ग्राउंडमधून करंटला थेट वाट मिळते आणि आतली ती सोय टळते. उलटा प्रकार मात्र करू नका: एसीए अडॅप्टर नव्या पेडलला लावू नका.

मिलिअँपिअरचा विषय त्या मानाने सोपा आहे, पण भीती सगळ्यात जास्त त्याचीच वाटते. ‘माझ्या पेडलला ५५ मिलिअँपिअर लागतात आणि अडॅप्टर ५०० चा आहे, जळणार तर नाही?’ नाही जळणार. अडॅप्टरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. घ्यायचं किती ते पेडल ठरवतं. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला झिरोचा बल्ब लावला तरी बल्ब आपल्यापुरताच करंट घेतो. हा आकडा जास्त असला तर चांगलंच. कमी असला तर अडचण. अडॅप्टर तापतो, डिजिटल पेडल मध्येच रिसेट होतं, लूपरमध्ये भरलेलं गाणं उडतं. बॉसच्या डीडी-७ डिलेला ५५ मिलिअँपिअर पुरतात, स्ट्रायमनच्या टाइमलाइन किंवा बिगस्कायला ३०० लागतात, आणि लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पबरोबर येणारा अडॅप्टर तब्बल ३ अँपिअरचा असतो. ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह हे तिन्हींचं सारखंच; तरीही साध्या डिलेचा अडॅप्टर स्टॉम्पला चालणार नाही. अनेक पेडलं एकाच अडॅप्टरवर चालवायची असतील तर सगळ्यांचे आकडे मिळवा आणि वर पाव हिस्सा जादा धरा.

आता मल्टिमीटर. पेडल वाजवणाऱ्याच्या घरात एक साधा डिजिटल मल्टिमीटर असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. मीटरची चकती डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा. अडॅप्टर बोर्डात लावा, पेडलला लावू नका. लाल टोक पिनेच्या भोकात आत टेकवा, काळं टोक बाहेरच्या नळीला. हात स्थिर ठेवा. टोक जाड असेल तर ते आतल्या आणि बाहेरच्या भागाला एकाच वेळी टेकून शॉर्ट होतं. म्हणून शक्यतो आत एक बारीक, कडक तार घालून तिला लाल टोक लावा. पडद्यावर उणे ९ आलं तर सेंटर निगेटिव्ह. चांगला रेग्युलेटेड अडॅप्टर ९ ते ९.६ च्या दरम्यान दाखवतो. १२-१३ दिसले तर तो अनरेग्युलेटेड, पेडलपासून दूर ठेवा. आणि आकडा शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर लगेच मेला म्हणू नका, चकती एसीवर फिरवून बघा. कदाचित तो एसी अडॅप्टर असेल.

हीच तपासणी नवा अडॅप्टर घेण्याआधी जुन्यावर करा. कित्येकदा अडॅप्टर जिवंत असतो आणि फक्त वायर तुटलेली असते, तीही पिनेपासून दोन बोटांवर, जिथे ती रोज दुमडते. मीटर लावून वायर तिथे हलवली की आकडा येतो-जातो. ५.५ बाय २.१ ची नवी पिन कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते आणि सोल्डर करणं अवघड नाही. वायरवरच्या पांढऱ्या पट्टीवरून ध्रुव ठरवू नका, प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी. कापल्यावर दोन्ही तारांवर मीटर लावा, मग निगेटिव्ह मधल्या टोकाला जोडा. पिन विकत घेताना २.१ आणि २.५ मिलिमीटर यांत गफलत होते. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये जाते, पण आत सैल राहते आणि पाय लागला की पेडल बंद पडतं.

सगळे आकडे जुळले तरी आवाजाचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे खर्च करायचे तर ते इथे. आजचे हलके अडॅप्टर स्विचिंग पद्धतीचे असतात. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने ते आत वीज तोडत-जोडत असतात. पण स्वस्त अडॅप्टरमध्ये ही गडबड नीट गाळलेली नसते, आणि डिजिटल पेडलच्या घड्याळाशी ती भिडली की दोघांमधल्या फरकाची बारीक शिट्टी ऐकू येते. पुढे डिस्टॉर्शन असेल तर ती शिट्टी कैकपटींनी वाढते.

दोष कुणाचा हे शोधायची एक पद्धत आहे. डिस्टॉर्शन पेडलचा अडॅप्टर काढा आणि त्यात ९ व्होल्टची बॅटरी घाला, बाकी सगळं तसंच राहू द्या. आवाज गेला तर दोष अडॅप्टरचा किंवा साखळी वायरचा. आवाज तसाच राहिला तर गिटारकडे वळा. सिंगल कॉइल पिकअप ट्यूबलाइट आणि डिमरजवळ गुणगुणतातच; गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला किंवा जागेवर वळून उभं राहिलं की हे लक्षात येतं. त्यासाठी नवा अडॅप्टर घेऊन उपयोग नाही. मंडपात, जनरेटरवर, अर्थिंग नसलेल्या बोर्डवर येणारा घरघराटही अडॅप्टरने जात नाही. तिथे तर माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवून आधी अर्थिंग करून घ्या. हा आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

दोन-तीन ॲनालॉग पेडलं असतील तर एक चांगला रेग्युलेटेड अडॅप्टर आणि साखळी वायर पुरेशी आहे. ट्रूटोनचा वन स्पॉट १७०० मिलिअँपिअर देतो आणि १०० ते २४० व्होल्टवर चालतो. डिजिटल आणि हाय गेन पेडलं एकत्र आली की प्रत्येक आउटलेट स्वतंत्र असलेला, आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्यावा. बाजारात त्यावर ‘आयसोलेटेड’ छापून आत सगळ्यांचं ग्राउंड एकच ठेवलेलेही मिळतात. तपासायला सप्लाय बंद करून बोर्डातून काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि दोन वेगवेगळ्या आउटलेटांच्या निगेटिव्ह बाजूंना टोकं लावा. बीप वाजला तर ते आउटलेट स्वतंत्र नाहीत. दुकानातच हे करून बघा, चांगला दुकानदार हरकत घेत नाही.

फझ पेडलवाल्यांसाठी तर हे स्वातंत्र्य अत्यावश्यक आहे. १९६६ साली आलेल्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर होते आणि त्यामुळे त्याचं ग्राउंड पॉझिटिव्ह. त्याच्या धाटणीची कित्येक पेडलं आजही तशीच बनतात. असं पेडल साखळी वायरवर इतरांबरोबर लावलं की पॅच केबलच्या शील्डमधून एकाचं पॉझिटिव्ह दुसऱ्याच्या निगेटिव्हला जाऊन भिडतं आणि सप्लाय शॉर्ट होतो. ध्रुव उलटवणारी छोटी वायर मध्ये घातली तरी साखळीवर हे टळत नाही. त्याला वेगळा अडॅप्टर द्या, किंवा आयसोलेटेड सप्लायचा एक आउटलेट, किंवा सरळ बॅटरी. फझ पेडल बॅटरी इतकी कमी खातं की हा मार्ग मुळीच वाईट नाही. फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढायला विसरू नका.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा, पुण्यात तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन, अडॅप्टरच्या अंगावरचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो उत्तम. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं तरी तो ९ व्होल्ट देत राहतो. भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण बघा: आयएस १३२५२ आणि त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक. लेबलवर आउटपुटचे आकडेच नसतील, किंवा ध्रुवांचं चित्र नसेल, तर तो परत ठेवा.

अमेरिकेतून भाऊ-बहीण किंवा मित्र पेडल घेऊन येतात तेव्हा सोबतच्या अडॅप्टरची इनपुटची ओळ विशेष काळजीने वाचा. बॉसच्या पीएसए-१२०एस या नावातला १२० हा तिथल्या विजेचा आकडा आहे. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलेला अडॅप्टर पिनेचं कन्व्हर्टर लावून आपल्या २३० च्या बोर्डात घातला तर जळतो, आणि जळताना पेडललाही घेऊन जाऊ शकतो. त्यासाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर शोधत बसू नका. पेडलला फक्त त्याच्या अंगावर लिहिलेलं ९ व्होल्ट डीसी हवंय, ते कुठल्या देशातल्या अडॅप्टरने दिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इथला रेग्युलेटेड अडॅप्टर घ्या, मीटर लावून तपासा, सगळ्यात आधी तुमच्याकडच्या सगळ्यात साध्या पेडलवर दहा मिनिटं चालवा. या वेळात तो हाताला कोमट लागला तर ठीक आहे. चटका बसत असेल किंवा वास येत असेल, तर पावती घेऊन त्याच दिवशी दुकानात परत जा.